सांगितल्याप्रमाणे लिहिले

आमच्या वाचनालयाला तीन खिडक्या आहेत आणि त्यांतल्या एकाच खिडकीत मोबाइलची रेंज येते. त्यामुळे दर गुरुवारी दुपारी चार वाजता मी टेबल ओढत त्या खिडकीशी नेते, लॅपटॉप उघडते, पदर नीट करते आणि फिनलंडची वाट बघते. काही वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं की तू असं करशील, तर मी त्याला सरळ वेड्यात काढलं असतं.

गाव चुडाव्याच्या बाजूला, पूर्णा तालुक्यात. बुद्धविहाराला लागून दोन खोल्या. एकीत पुस्तकं, दुसरीत पेपर वाचणारी माणसं. मी ग्रंथपाल. झाडू मारणारीही मीच, आणि शब्दकोडं कुणी पेनानं भरून टाकलं तर त्याच्यावर ओरडणारीही मीच. माझा स्वभाव तापट आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पुढचं वाचून गावातली माणसं हसतील, कारण या सगळ्या प्रकरणात जिथं तोंड उघडायला हवं होतं नेमकी तिथंच मी मूग गिळून बसले.

झालं असं, की फिनलंडमधल्या एका शहराच्या वाचनालयानं एक काम काढलं होतं. कष्ट करणाऱ्या माणसांनी हातानं लिहून ठेवलेल्या गाण्यांच्या वह्या शोधायच्या, त्यांचे फोटो काढायचे, प्रत्येक गाण्याची नीट नोंद करायची आणि ते सगळं इंटरनेटवर एका जागी ठेवायचं. त्यांच्याकडं कापडगिरणीतल्या बायकांच्या वह्या होत्या. श्रीलंकेच्या डोंगरातलं एक छोटं वाचनालय चहाच्या मळ्यातली गाणी घेऊन त्यांना सामील झालं होतं. परभणीला एका प्रशिक्षणात याचा अर्ज वाटला, तो मी भरला. चहा यायला वेळ होता म्हणून भरला, खोटं कशाला बोलू! सहा महिन्यांनी उत्तर आलं, तेव्हा आमच्या अध्यक्षांनी ते विहारात सगळ्यांसमोर उभं राहून वाचून दाखवलं.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. मला चौथीत त्यांनीच शिकवलं, आणि अजूनही ते वाचनालयात शिरले की माझे पाय आपोआप उभे राहतात. माझी मुलगी नोकरीला लागली, मला चष्मा लागला, पण सर आले की मी चौथीतली.

सुरुवातीला आमची लय फजिती झाली. एका गुरुवारी चारला आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो तर समोर कुणीच नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले. सर चिडले. पाच वाजता फिनलंडच्या ग्रंथपाल बाई शांतपणे पडद्यावर उगवल्या. चौकशी केली तर कळलं, थंडी आली की त्यांच्या देशात सगळी घड्याळं तासभर मागं घेतात. सरांना ते काही पटेना. "मागं घेतात म्हंजी काय?" ते मला म्हणाले, "सूर्य काय त्यांच्या बापाचा हाय?" हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. श्रीलंकेचं घड्याळ मात्र अगदी आमच्यासारखंच चालतं. तिथले ग्रंथपाल जाडजूड, हसरे गृहस्थ होते. ते पडद्यावर आले की आधी जेवणात काय होतं ते विचारायचे आणि मगच कामाचं बोलायचे. ते आम्हाला पहिल्या दिवसापासून आपले वाटले.

आणखी एक अडचण होती ती वाचनालयाजवळून जाणाऱ्या रेल्वेची. मालगाडी आली की आमच्याकडं कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. आम्ही बोलता बोलता थांबतो, गाडी जाऊ देतो आणि तुटलेल्या शब्दापासून पुढं सुरू करतो. इथं जन्मलेल्या माणसाला त्यात काही वाटत नाही. फिनलंडच्या बाईंना आधी वाटायचं की आम्ही त्यांच्या प्रश्नावर खोल विचार करतोय. त्या आदरानं थांबून राहायच्या.

त्या बाई कामाच्या फार चोख. त्यांची पद्धत साधी होती. प्रश्न विचारायचा, थोडं थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही की यादीत त्यापुढं 'मंजूर' लिहायचं. त्यांच्याकडं माणसं कामापुरतंच बोलतात. हरकत असेल तर सांगतात आणि नसेल तर गप्प राहतात. आमच्याकडं सगळं उलटं. मोठं माणूस बसलेलं असताना 'हो' म्हणायचं असेल तर आम्ही चारचौघांत मोठ्यानं म्हणतो, मान डोलावतो, वर 'अगदी बरोबर' असंही जोडतो. गप्प बसायची वेळ येते ती मनात 'नाही' असतं तेव्हाच. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. जे रोज करतो ते सांगायचं कधी सुचतच नाही.

आमची वही होती एका मावशीकडं. विहारामागच्या गल्लीत राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या, काठीसारख्या सरळ. त्यांचे मालक रेल्वेत गँगमन होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मालकांची गायनपार्टी होती. चौदा एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, कुणाच्या घरी बारसं असलं तरी, ते पेटी घेऊन बसायचे आणि पंचक्रोशीतली माणसं ऐकायला यायची. त्यांचा फोटो आमच्या वाचनालयात लावलेला आहे. सर त्यांचे सख्खे पुतणे. वहीवर मालकांचं नाव मोठ्या अक्षरांत, भोवती निळ्या शाईनं काढलेली वेलबुट्टी.

पण गाणी त्यांची नव्हती. गाणी मावशींची होती.

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझी आई शेतात मावशींच्या शेजारच्या ओळीला, म्हणजे पातीला, खुरपायची आणि मी शाळेला सुट्टी असली की बांधावर बसायचे. मावशी एक ओळ म्हणायच्या. बाया ती मागं म्हणायच्या. मावशींना ती आवडली नाही की खुरपं तसंच हातात धरून थोडा वेळ थांबायच्या, शब्द बदलायच्या आणि परत म्हणायच्या. पात संपेपर्यंत कडवं तयार व्हायचं. घरी येताना आई म्हणायची, "आज हिनं लय चांगलं जुळवलं." मावशींना लिहिता येत नव्हतं. संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता त्या सांगायच्या आणि मालक लिहून घ्यायचे. मालक गायचे म्हणून लोक म्हणायचे त्यांचीच गाणी, आणि मावशी बायकांत बसून ऐकायच्या.

वही मागायला गेले तेव्हा मावशींनी ती निळ्या फडक्यातून सोडली आणि लगेच माझ्या हातात दिली नाही.

"लिवताना माझं नाव घालशील नव्हं?" त्यांनी विचारलं.

"घालीन की, मावशी. तुमचंच तर हाय."

"मंग ने. पण दिवे लावायच्या आत वही घरी पायजे."

फोटो काढायला आम्ही सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली. वर मोबाइल, खाली ब्लाउजच्या उरलेल्या काळ्या कापडावर वही. सकाळी दहा ते बारा खिडकीत ऊन चांगलं येतं, तेवढ्यात काम उरकायचं. मावशी रोज पायरीवर बसून असायच्या. मी पान उलटायला ओल्या बोटानं गेले की आतून कळल्यासारखं बाहेरून ओरडायच्या, "थुकी नको लावू गं!" ते दिवस फार चांगले गेले. फिनलंडहून पानांची तारीफ आली, ती मी मावशींना सांगितली, तर म्हणाल्या, "त्यांना वाचाया येतंय का?" मी नाही म्हणाले. "मंग कशाची तारीफ करायलेत?"

आणि मग तो गुरुवार आला. फिनलंडच्या बाईंनी नोंदींचा तक्ता पडद्यावर लावला. 'रचनाकार' नावाच्या रकान्यात मालकांचं नाव होतं, वरपासून खालपर्यंत. त्यांनी विचारलं, मुखपृष्ठावर हे नाव आहे, सगळी गाणी यांचीच असं धरते, कुणाची हरकत?

सर माझ्या शेजारी ताठ बसले होते. मी सरांकडं पाहिलं. सर पडद्याकडं बघत होते. त्यांच्या सख्ख्या काकांचं नाव, त्यांच्या तोंडावर, परदेशातल्या माणसांसमोर मी खोडायचं? तेवढ्यात मालगाडी आली. बाई थांबल्या. गाडी गेली, तरी त्या थांबल्या. बोलायला पुष्कळ वेळ होता, गाडीवर ढकलून चालणार नाही. मग त्यांनी हसून आभार मानले आणि प्रत्येक नावापुढं 'मंजूर' उमटत गेलं.

उद्या मेल करू, असं मी स्वतःला सांगितलं. उद्या झाला, परवा झाला. मेलमध्ये काय लिहायचं? अध्यक्ष शेजारी असताना मी गप्प बसले आणि आता त्यांच्या पाठीमागं कागाळी करते? मी रोज एक कारण शोधत राहिले. या दिवसांत घरात सगळ्यांवर खेकसले. जिच्यावर खेकसायला हवं होतं ती मी स्वतःच होते.

पुढच्या आठवड्यात तो तक्ता इंटरनेटवर आला आणि मावशी सुनेचा मोबाइल घेऊन वाचनालयात आल्या. पेपर वाचणारे दोघंतिघं होते. मावशी त्यांच्याकडं न बघता माझ्या टेबलासमोर बसल्या.

"सुनेनं वाचून दावलं. म्हणली, मामंजींचं नाव हाय समद्या गाण्याला," त्या म्हणाल्या. "माझं कुठं हाय, तेवढं दाव."

मी मोबाइल हातात घेतला आणि बघायचं नाटक केलं.

"तू तर म्हणली व्हतीस, घालते."

"सर बसले व्हते, मावशी."

"मंग? सर काय पातीला व्हते व्हय?"

पेपर वाचणाऱ्यांतल्या एकानं पेपर तोंडासमोर धरला. मावशी भांडल्या नाहीत, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "मला शेत न्हाई, घर लेकाच्या नावावर हाय. ही गाणी तेवढी माझी. आता मी किती दिस ऱ्हानार? माझ्या माघारी कुणाला इच्यारशील?" मग उठल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "दुसरी वही घरात हाय. ती आता न्हाई मिळायची."

दुसरी वही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पण खरं सांगते, त्या वेळी मला वहीचं काही वाटलं नाही. मी त्या म्हातारीला शब्द दिला होता आणि तो मोडला होता. दार ओढून घेतलं आणि पुस्तकांच्या खोलीत जाऊन रडले.

त्याच संध्याकाळी श्रीलंकेच्या ग्रंथपालांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. जेवणाचं काही विचारलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं: त्या गुरुवारपासून तुमच्याकडचे दोघंही गप्प आहेत. आमच्या डोंगरातही थोरांसमोर माणूस असा गप्प बसतो तो उत्तर 'नाही' असलं तरच. तुमचं 'नाही' होतं का?

इतक्या लांबच्या माणसानं, ज्याला मराठीचं अक्षर येत नाही, माझं न बोललेलं ऐकलं होतं. मी एकच शब्द उत्तर पाठवलं: होय. त्यांनी लिहिलं, मग आधी घरातल्या थोरांना सांगा, फिनलंडला नंतर.

सांगायचं कसं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी फिनलंडनंच सुचवलं, तेही नकळत. बाईंचा नेहमीसारखा कोरडा मेल होता. प्रत्येक गाण्याच्या खाली पेन्सिलीनं एकच बारीक ओळ आहे, ती आमच्या मशीनला वाचता येत नाही, ती गाण्याचा भाग समजायची का? सोबत त्या ओळीचा मोठा केलेला फोटो. मी सगळी पानं स्वतःच्या हातानं उलटली होती आणि ती ओळ मला दिसली नव्हती, दिसली असली तर पुसट डाग म्हणून सोडून दिली असणार. मोठी केल्यावर ती स्वच्छ वाचता येत होती.

'सांगितल्याप्रमाणे लिहिले.'

रेल्वेत साहेब तोंडी हुकूम द्यायचे आणि वहीत टिपून घेणारा खाली असं लिहायचा, अशी मालकांच्या कामातली सवय असणार. त्यांनी ती घरी आणली होती. बायकोनं सांगितलेलं प्रत्येक गाणं त्यांनी लिहिलं आणि प्रत्येकाखाली इमानानं कबूल करून ठेवलं. वर नाव मोठं, वेलबुट्टीसकट, आणि खाली पेन्सिलीनं खरं.

लॅपटॉप काखेत मारून मी सरांच्या घरी गेले. सर अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होते. "सर, एवढं वाचता का?" मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. एक फोटो बघितला, दुसरा बघितला. पाचव्या-सहाव्या गाण्यापर्यंत गेले. चहावर साय आली.

"काकाचंच अक्षर," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडं न बघता, "मला म्हाइत होतं."

"काय म्हाइत होतं, सर?"

"काकूची हायेत ते. मी त्यांच्याच घरी अभ्यासाला बसायचो. मधी कंदील, एका बाजूला मी पाढे करायलो, दुसऱ्या बाजूला काका लिवायलाय. काकू चुलीपासून सांगायलीय. मला काय दिसत नव्हतं का?"

माझा ताबा सुटला. "मग त्या दिवशी बोलला का न्हाईत?"

"तू बोलशील म्हणलं!" सरही चिडले. "तू कुणाचं ऐकून घेतेस का कव्हा? तू गप बसलीस. मला वाटलं, हिला सुदिक मंजूर दिसतंय, जाऊ द्या. काकाचा फोटो लावलेला हाय, लोक काय म्हणतील, असं मनात आलं, मी काय नाकारत न्हाई."

"मी तुमच्याकडं बघून गप बसले, सर."

फिनलंडच्या बाई आमचं गप्प बसणं चुकीचं समजल्या, असं मी इतके दिवस त्यांना मनातल्या मनात बोल लावत होते. इथं तर एका गावातली, एका बाकावर बसलेली दोन माणसं एकमेकांचं गप्प बसणं चुकीचं समजली होती! मला हसू आलं. सरांनाही आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं.

"फोटोचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काय करायचंय? फोटोतल्या माणसानंच तर लिहून ठेवलंय."

मेल सरांनी सांगितला आणि मी टाईप केला. सरांचं इंग्रजी जुन्या वळणाचं, 'सविनय निवेदन' असल्यासारखं सुरू होणारं. पण मधे त्यांनी एक सरळ वाक्य घातलं: त्या दिवशी आम्ही दोघंही गप्प बसलो ती चूक आमची, रचनाकार माझ्या काकू आहेत. मेलच्या तळाशी 'सांगितल्याप्रमाणे लिहिले' घालायचा मोह मला फार झाला होता.

तिकडून आलेलं उत्तर चांगलं लांबलचक होतं. कामापुरतं बोलणाऱ्या बाईंनी एवढं लिहिलं यावरूनच कळलं की त्यांना लागलं होतं. कुणी गप्प असेल तर मधे न बोलणं हीच त्यांच्याकडं सभ्यता आहे, त्यांनी लिहिलं होतं. त्यामुळे आपण सभ्यपणे एका बाईचं नाव पुसलं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. इथून पुढं शांततेला 'मंजूर' लिहायचं नाही. प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं आणि प्रत्येकानं तोंडानं उत्तर द्यायचं. श्रीलंकेच्या ग्रंथपालांनी त्यात आपली भर घातली, की सुरुवात वयानं लहान असलेल्यापासून करायची, म्हणजे थोरांच्या तोंडाकडं बघायची वेळच येणार नाही. गिरणीच्या वह्यांतली नोंदही बाईंनी पुन्हा तपासायला काढली. आणि तक्त्यात एक रकाना वाढला: 'लेखनिक'.

मावशींना बोलवायला सर स्वतः गेले. मी मागं थांबले. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आल्या तेव्हा मावशींनी ठेवणीतली पांढरी साडी नेसलेली होती आणि सरांचे डोळे लाल होते.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. जिथं घालायचं होतं तिथं पुढच्या गुरुवारी घातलं.

खिडकीशी आम्ही तिघं बसलो, मधे मावशी. फिनलंडच्या बाईंनी पडद्यावरून वाकून नमस्कार केला, तो त्या कुठून तरी शिकून आल्या होत्या. श्रीलंकेच्या ग्रंथपालांनी मावशींना जेवणात काय होतं ते विचारलं. मी भाषांतर केलं. मावशी म्हणाल्या, "त्याला म्हणावं, भाकर अन् ठेचा. येतो का?" ते खरंच येतो म्हणाले.

तक्ता लागला. मी बोटानं दाखवत वाचलं: रचनाकार, मावशींचं नाव. लेखनिक, मालकांचं.

"वर कुणाचं हाय?" मावशींनी विचारलं.

"तुमचं."

"अन् त्यांचं खाली?"

"खाली."

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "घरात न्हवतं कव्हा असं." मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्यांचंबी. त्यांनी लिवलं नसतं तर कुठं ऱ्हायलं असतं?"

आता विचारायची पाळी. सगळ्यांत लहान मी, म्हणून आधी मी. हरकत नाही, मी मोठ्यानं म्हणाले. श्रीलंका, हरकत नाही. सर, हरकत नाही, तेही उभं राहून. शेवटी बाईंनी मावशींना विचारलं. मी मराठीत सांगितलं, "मावशी, ह्यात काही चुकीचं हाय का?" आणि खरं तर मी उत्तराची वाट न बघता पाण्याचा तांब्या उचलला होता.

"हाय," मावशी म्हणाल्या.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी तांब्या परत खाली ठेवला.

"नववं गाणं माझं न्हाई."

नववं म्हणजे चुकलेल्या कोकराचं. सगळ्या वहीतलं सर्वांत गोड गाणं. फिनलंडच्या बाईंनी पहिल्या पानावर लावायला तेच काढून ठेवलं होतं.

"ते मेंढरं राखणाऱ्या घरातल्या बाईचं हाय. खुरपायला ती माझ्या उजव्या हाताला असायची. तिनं मला ते दिलं, मी तिला माझं एक दिलं. घरी येऊन मी सांगितलं अन् ह्यांनी लिवलं. ह्यांनी काय इच्यारलं न्हाई, मी काय बोलले न्हाई. मी बी गप बसले की मंग. ती तर मरून गेली. तिचं नाव लिवा."

सर म्हणाले, "काकू, तिला तर समदे धाकल्याची मायच म्हणायचे. नाव कुणाला म्हाइत हाय?"

"मला हाय."

आणि मावशींनी ते सांगितलं. तिचं स्वतःचं नाव, बापाचं नाव, माहेरचं गाव. तिची लेक पाथरीला दिलेली आहे, तिला मी स्वतः निरोप देते, असंही म्हणाल्या. मी ते नाव इंग्रजीत एकेक अक्षर करून सांगितलं आणि फिनलंडच्या बाईंनी एकेक अक्षर करून टाईप केलं, नवव्या गाण्यापुढं. मधे एक अक्षर चुकलं, ते सरांनी दुरुस्त केलं.

बाईंनी परत सगळ्यांना हरकत आहे का विचारलं. मी नाही म्हणाले. श्रीलंका नाही म्हणाली. सर नाही म्हणाले. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. त्या पहिल्यापासून एकेक गाणं आठवून बघत होत्या. तेवढ्यात मालगाडी आली, लांबलचक, आणि गेली. कुणी काही बोललं नाही आणि कुणी काही लिहिलंही नाही. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला आणि मावशींनी डोळे उघडले.

"आता न्हाई," त्या म्हणाल्या. "आता घाला."